कोपऱ्यातले सरकलेले फूल

एक कागद मी बिघडवला, आणि तो आईने हरवला असे घरातल्या सगळ्यांना मानू दिले. आईलाही मानू दिले. कागद जपानी होता, हाताने छापलेला, आणि तो आमचा नव्हता. ही गोष्ट मी बरीच वर्षे मनात ठेवली. बायकोला सांगितली नाही, आईला तर नाहीच.

मी हळू बोलणारा माणूस आहे. माझ्या हाताखालचे लोक सांगतात की साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. हे ऐकून पूर्वी मला बरे वाटायचे. आता वाटत नाही, कारण माझ्या हातून घडलेले सर्वांत वाईट कृत्य मी अगदी हळू आवाजात केले होते.

तेव्हा आम्ही बहरीनमधल्या उम्म अल हस्सममध्ये, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. माझे काम मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचे. हवा किती थंड, किती कोरडी असावी हे ठरवण्यात माझे आयुष्य गेले. आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी बाई राहत असत. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या बहरीनला आल्या होत्या. बायकोची आणि त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली. त्यांच्या हातात नक्षीच्या कागदाने मढवलेली चहाची डबी होती आणि बायकोने ती बघायला मागितली. पुढच्या आठवड्यापासून ती वर शिकायला जाऊ लागली. आमच्या घरात त्यांना 'वरच्या ताई' असे नाव पडले. आई आली तेव्हा तिने त्याचेही आखूड करून नुसते 'वरची' केले.

या कागदाला चियोगामी म्हणतात, हे मला बायकोकडून कळले. तुतीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीपासून केलेला, लांब धाग्यांचा, मऊ पण चिवट कागद. आणि त्यावर किमोनोच्या कापडावरची नक्षी, डबीला किंवा बाहुलीला शोभेल इतकी लहान करून छापलेली. जितके रंग तितक्या छपाईच्या जाळ्या. एक रंग छापायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा रंग नेमका आपल्या जागी बसवायचा. सोनेरी सगळ्यात शेवटी. त्यावरून बोट फिरवले तर रंगाचा किंचित उठाव लागतो. वरच्या ताई कागद घेण्यापूर्वी हात धुऊन, पुसून, थोडा वेळ पंख्याखाली धरत. मला ते जरा जास्त वाटे.

त्या वर्षी सांगलीच्या घराचे प्लास्टर निघाले होते, म्हणून आई उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे आली. सांगलीत समोरच्या खोलीत ती शिवणवर्ग चालवत असे. गावातल्या कितीतरी मुली तिच्याकडे खाकी कागदावर ब्लाउजचे ड्राफ्टिंग शिकल्या. इकडे आल्यावरही ती स्वस्थ बसली नाही. इमारतीतल्या दोन-तीन बायकांची मापे घेतली, मला खाकी कागदाची गुंडाळी आणायला लावली, आणि जेवणाच्या टेबलावर तिची पट्टी आणि कात्री सुरू झाली. उजव्या कानाने तिला कमी ऐकू यायचे. माझे बोलणे तर तिला कधीच धड ऐकू येत नसे. "तोंडात गूळ ठेवून बोलतोस," असे ती मला शाळेत असल्यापासून म्हणते.

आई आणि वरच्या ताई यांना जोडणारी एकही भाषा नव्हती. पण ताईंना चिकटवण्यासाठी खळ लागे आणि आईला उत्तम खळ करता येई. मैदा पाण्यात कालवून, मंद आचेवर एकसारखी ढवळत, गाठ होऊ न देता. ताईंनी ती बोटांत चोळून पाहिली, आईकडे पाहिले आणि वाकून नमस्कार केला. त्या दिवसापासून त्या आईला जपानी आदराने 'आई-सान' म्हणू लागल्या.

"सुरीनं कापते, कात्रीनं नाही," आईने खाली आल्यावर निकाल दिला. "पण हात बरा आहे हो. माझ्या वर्गात असती तर पुढच्या बाकावर बसवली असती."

"आई, त्या तुमच्याएवढ्याच आहेत वयानं," बायको म्हणाली.

"मग काय झालं? वर्गात वयाचं काय."

मग ताईंच्या नवऱ्याची बदली झाली. परत जायचे ठरले. जपानमध्ये त्यांच्या मुलीचे लग्न होते आणि तिला देण्यासाठी त्यांना दोन खणांची एक पेटी मढवायची होती. त्यांची बोटे संधिवाताने आखडू लागली होती, म्हणून त्यांनी ते काम माझ्या बायकोला सांगितले; आपण शेजारी बसू म्हणाल्या. वरचे घर खोक्यांत भरले गेले होते, तेव्हा काम आमच्या टेबलावर होणार होते. त्यासाठी त्या स्वतः एक कागद घेऊन खाली आल्या.

त्यांचे वडील क्योतोजवळच्या एका लहान छापखान्यात कारागीर होते. हा त्यांनी छापलेल्या कागदांतला शेवटचा. निळ्या वाहत्या पाण्यावर लाल आणि पांढरी अळूबुखाराची फुले, मधून मधून सोनेरी रेषा. आम्ही तिघे टेबलाभोवती उभे होतो. आईने डोळ्यांवर चष्मा चढवला, वाकली आणि खालच्या कोपऱ्यातल्या एका फुलाजवळ बोट नेले. टेकवले नाही.

"हे फूल सरकलंय."

खरेच, त्या एका फुलाचा लाल रंग आपल्या रेषेबाहेर जरासा गेला होता. बायकोने सभ्यपणे त्याचे भाषांतर टाळले. पण ताईंना आईच्या बोटावरून समजले. त्या हसल्या आणि थोड्या इंग्रजीत, थोड्या हातवाऱ्यांनी सांगितले की वडील म्हातारे झाले होते, हात हलला. हा कागद विकायच्या गठ्ठ्यातून बाजूला काढला गेला, म्हणूनच तो घरी राहिला. त्यांना पेटीच्या झाकणावर तेच फूल हवे होते.

"बरोबर आहे," आई म्हणाली. तिला काय कळले होते कोण जाणे.

कागद दोन खाकी कागदांच्या मध्ये, टेबलावर सपाट ठेवला गेला. नव्या घरातल्या हवेला तो सरावला पाहिजे असे ताईंचे म्हणणे होते. काम दोन दिवसांनी, शनिवारी दुपारनंतर सुरू होणार होते.

शनिवारी सकाळी त्या खोलीचा एसी बंद पडला.

सप्टेंबरची दमट हवा बहरीनमध्ये कशी असते हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. खिडकीच्या काचेवर बाहेरून पाणी धरते, मिठाचा दगड होतो. बायको आणि वरच्या ताई पेटीसाठी पुठ्ठा आणायला ताईंच्या गाडीतून गेल्या होत्या. आई आतल्या खोलीत पडली होती. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो यल्ला यल्ला, आलोच, म्हणत राहिला आणि आला नाही. मी वरचा खाकी कागद उचलून पाहिला. खालच्या कागदाच्या कडा उचलल्या होत्या, उन्हात घातलेल्या पापडासारख्या. मधल्या भागात लाटा आल्या होत्या.

मला भीती वाटली, हे खरे आहे. पण त्या भीतीत थोडा दिमाखही होता, हे मला आता कबूल करायला हवे. हवेतला ओलावा हा माझा विषय. या घरात कागदाला ओलाव्यापासून कोणी वाचवू शकत असेल तर तो मीच, असे मला वाटले.

आमच्या घरात मौल्यवान कागद वाचवण्याची एकच रीत होती. माझी दहावीची गुणपत्रिका, पदवी, आमच्या लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, वडिलांच्या हातचा रामरक्षेचा कागदसुद्धा, सगळे प्लास्टिकमध्ये बंद आहे. लॅमिनेशन केले की काळजी मिटली, अशा समजुतीत माझी पिढी वाढली. मला एकदाही थांबून विचार करावासा वाटला नाही. मी कागद सैलसर गुंडाळला, नकाशे ठेवायच्या नळीत घातला आणि नईम भागातल्या त्या दुकानात गेलो, जिथे मी नेहमी ओळखपत्राच्या नि व्हिसाच्या प्रती करून घेत असे.

दुकानदार महाडकडचे. आमच्याशी ते घरच्यासारखे मराठीत बोलत.

"वा, इंजिनिअरसाहेब, आज नकाशा नाही, गालिचाच आणलाय."

"हे प्लास्टिकमध्ये बसेल?"

"न बसायला काय झालं? नकाशांचं मोठं मशीन कशासाठी ठेवलंय? एकदा केलं की खलास. तुमच्या नातवंडांपर्यंत काही होत नाही."

"थोडा दमट झालाय."

"रोलर गरम असतो साहेब. सुकेल इंशाल्ला."

कागद मशीनमध्ये जाऊ लागला. पहिली बोटभर जागा छान गेली. निळा रंग एकदम चकाकला आणि मला समाधान वाटले. मग कागदातला ओलावा उष्णतेने वर आला. प्लास्टिकखाली बारीक बुडबुडे उठले, एक, मग पुष्कळ. दुकानदारांनी बटण दाबले, पण रोलर लगेच थांबला नाही. एक बाजू किंचित तिरकी ओढली गेली आणि पाण्याच्या लाटांवरून एक चुणी आरपार उमटली. सोनेरी रेषा पिवळट दिसू लागल्या. बाहेर आला तेव्हा तो कागद राहिला नव्हता. हॉटेलातल्या टेबलावर ताटाखाली घालतात तसली चटई दिसत होती.

"बुडबुडे आलेत थोडे," दुकानदार म्हणाले. "सुईनं टोचू का?"

मी नको म्हणालो. मी वरून बोट फिरवले. रंगाचा उठाव कुठेच लागला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा समजले की हा कागद चिकटवायचा होता. त्याच्या पाठीला खळ लावायची होती, पुठ्ठ्याच्या कोनावर तो वळवायचा होता. आता त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक होते, आणि प्लास्टिकला खळ धरत नाही.

घरी परतताना मी ठरवले होते की सरळ सांगून टाकायचे. मी वाक्यही जुळवले होते. नळी मी गाडीच्या डिकीत ठेवली, फक्त वर जाऊन आधी बायकोला बाजूला घेईपर्यंत. त्या 'फक्त'मध्ये पुढचे सारे घडले.

दार उघडले तर बायको टेबलाशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. टेबलावर एकच खाकी कागद होता, तोही अर्धा कापलेला. शेजारी आईची कात्री, खडू आणि पट्टी. मी गेल्यावर आई उठली होती, आणि टेबलावर खाकी कागद दिसला म्हणून तिने शेजारणीच्या ब्लाउजचे ड्राफ्टिंग काढले होते.

"आई, नीट आठवा," बायको म्हणत होती. "खाकी कागदाच्या मधे होता तो."

"मधे काही नव्हतं गं."

"तुम्ही तुकडे कुठे टाकलेत?"

"कचऱ्यात. कोपऱ्यावर मोठ्या डब्यात नेऊन टाकले मीच. घरात कशाला पसारा." मग आईचा आवाज बदलला. "मधे असता तर मला दिसला असता ना? इतका रंगाचा कागद."

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही पाहिलात का हो? कुठे गेला होतात?"

"पेट्रोल भरायला," मी म्हणालो.

एवढे खोटे पुरे झाले असते. त्यानंतर गप्प राहिलो असतो तरी माझा दोष निम्मा राहिला असता. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी आले होते, आई कानामागे हात धरून एकदा हिच्याकडे एकदा माझ्याकडे पाहत होती, वरच्या ताई कोणत्याही क्षणी खाली येणार होत्या. मी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो,

"असू दे. वय झालंय तिचं. होतं असं."

माझ्या आयुष्यातले सर्वांत समजूतदार वाटणारे वाक्य. मी ते नेहमीच्याच आवाजात बोललो. पण आईला ते ऐकू गेले. इतकी वर्षे माझा शब्द न शब्द तिला पुन्हा विचारावा लागत होता, आणि हे एक वाक्य तिला पहिल्यांदाच ऐकू गेले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून खडू उचलला आणि डबीत ठेवला.

"चल खाली," ती म्हणाली. "डबा अजून उचलला नसेल. शोधू."

"आई, उकाडा आहे बाहेर, राहू दे."

"चल म्हणते ना."

इमारतीच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा होता. त्याच्या पलीकडे माझी गाडी उभी होती. आईने पदर खोचला आणि पिशव्या एकेक करून बाहेर काढू लागली. मीही काढू लागलो. मी काय करत होतो हे मला पूर्ण ठाऊक होते. माशाचा, सडलेल्या खरबुजाचा वास येत होता, कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, आणि मी माझ्या म्हाताऱ्या आईबरोबर वाकून एक असा कागद शोधत होतो जो माझ्याच डिकीत होता. खाकी तुकडे सापडले. आईने ते एकेक उलगडून पाहिले. उन्हे उतरली होती, मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली.

"दिसत नाही नीट," आई म्हणाली. "तुझ्या गाडीत बॅटरी असते ना? आण."

बॅटरी डिकीत होती. मी डिकी उघडली. नळी आडवी पडली होती, बॅटरी तिच्या पलीकडे. आई माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती, दोन्ही हात कचऱ्याने भरलेले, वाट बघत. तिथे मी किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. मी नळीवरून हात नेला, बॅटरी घेतली आणि डिकी लावली. ती लागल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

आम्ही वर आलो तेव्हा वरच्या ताई आमच्या घरात बसल्या होत्या. बायकोने त्यांना सांगितले होते. आईने हात धुतले, त्यांच्यासमोर गेली आणि हात जोडले. ताई उठल्या. त्यांनी आईचे जोडलेले हात आपल्या वाकड्या बोटांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "आई-सान, इट इज पेपर," एवढेच त्या म्हणाल्या. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो.

पेटी शेवटी एका साध्या निळ्या कागदाने मढवली गेली. खळ बायकोने केली. आईने आपल्याला जमणार नाही असे सांगितले.

नळी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेली आणि चिलरच्या जुन्या आराखड्यांत उभी करून ठेवली. फेकून का दिली नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारले. बहुधा मला माझ्या प्रामाणिकपणाचा काहीतरी शिल्लक पुरावा हवा होता. ज्याने फेकले नाही तो कधीतरी सांगेल, असे मी स्वतःला समजावत असे. सांगितले नाही.

आई सांगलीला परतली ती बदलून. सुरुवातीला आम्हाला फोनवर हसू यायचे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन ओढून बघायची. गॅसचे बटण शेजारणीला पाहायला लावायची. मग वर्गातल्या एका मुलीचे लग्नाचे ब्लाउज तिने कापायला नकार दिला. "भारी कापड आहे, माझ्या हाती नको," म्हणाली, "त्या कागदाचं झालं तसं व्हायचं." हे वाक्य तिच्या बोलण्यात बसले. बँकेत, औषधाच्या दुकानात, लग्नघरी, सगळीकडे ती ते वापरू लागली. एका रजेत बायकोने हट्टाने तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या आणि काही दोष नाही असे सांगितले. आईने विश्वास ठेवला नाही. "त्यांनी विचारलं ते सोपं होतं," ती म्हणाली.

दरवेळी फोन ठेवल्यावर मी ठरवायचो: पुढच्या रजेत, समोरासमोर. रजेत जायचो, तिच्यासमोर बसायचो, तिच्या हातचे पोहे खायचो आणि परत यायचो.

आता आम्ही बहरीनमध्येच, सनद भागात राहतो. मुलगी परदेशात शिकते. बायको घरीच कागदकामाचा लहानसा वर्ग घेते. या हिवाळ्यात आई आली. तिने उत्साहाने यावे म्हणून आम्ही किती दिवस मागे लागलो होतो. पण आली ती सांगण्यासाठी. शिवणयंत्रे तिने वर्गातल्या मुलींना देऊन टाकायचे ठरवले होते. घर बंद करायचे. मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात ती जागा पाहून आली होती; परतल्यावर होकार कळवायचा होता.

"आई, तुम्ही इकडेच राहा ना," बायको म्हणाली.

"इकडे राहिले होते तेव्हा काय केलं, विसरलीस? मी नाही विसरले. तेवढं बरं आठवतं." ती हसली. "एक दिवस गॅस चालू राहील नि शेजारच्यांची पोरं भाजतील. तिथं नर्स असते चोवीस तास. माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही."

मी तिच्यासमोर बसलो होतो. चहाचा कप माझ्या हातात होता. मला उठून जावेसे वाटले आणि मी उठून गेलोही. गॅलरीत उभा राहिलो, समोरच्या खजुराच्या झाडाकडे बघत राहिलो. तिच्या जाण्याला अजून आठवडा होता. मी आठवडाभर वाट पाहू शकलो असतो. माझा स्वभाव मला तेच सुचवत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी नळी घेऊन आलो. डिकीत ठेवली नाही, शेजारच्या सीटवर ठेवली.

दुपार होती. बायको टेबलाशी बसून एका डबीवर कागद बेतत होती. आई जवळच खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली घालून. तिच्या कानातले यंत्र समोर टेबलावर पडले होते. त्याने डोके दुखते अशी तिची तक्रार असते.

"आई, एवढी एक पट्टी कापून द्या ना," बायको मोठ्याने म्हणाली. "तुमची रेघ सरळ येते."

"माझ्या हाती कागद देऊ नकोस गं बाई."

मी नळीचे झाकण काढले. आतला कागद इतक्या वर्षांत गुंडाळीचाच आकार धरून बसला होता. टेबलावर पसरताना प्लास्टिक कडकड वाजले आणि पुन्हा मिटू लागले. मी दोन्ही बाजूंना हात ठेवून ते धरून ठेवले. बुडबुडे तसेच होते. लाटांवरची चुणी तशीच होती. बायकोच्या हातातला ब्रश थांबला. तिने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुन्हा कागदाकडे.

आईने चष्मा चढवला. ती वाकली. कागदभर नजर फिरवली नाही. तिचे बोट सरळ खालच्या कोपऱ्याकडे गेले.

"हा वरचीचा," ती म्हणाली. "हे बघ, फूल सरकलंय. तिच्या बापाचा हात हलला होता." तिने प्लास्टिकवर नख घासले. "आणि हे काय केलंय याच्यावर? कुणी केलं? कुठं होता हा?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्याकडे होता, आई. मीच—"

"काय पुटपुटतोस? तोंडात गूळ ठेवून बोलतोस. मोठ्यानं बोल."

मी टेबलावरचे यंत्र तिच्यापुढे सरकवले. तिने ते हाताने बाजूला केले आणि डावा कान माझ्याकडे केला. मान तिरकी, डोळे त्या फुलावर. लहानपणी पाढे म्हणून घेताना ती अशीच बसायची. मी कागदावरचे हात काढून घेतले. तो आपोआप मिटत गेला. बायको उभी राहिली होती. मी श्वास घेतला आणि ज्या आवाजात मी घरात कधीच बोललो नाही त्या आवाजात बोललो, शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेले असेल.

"आई, त्या दिवशी कागद मी नेला होता. तू खाकी कागद कापलास तेव्हा मधे काही नव्हतं, तू म्हणालीस ते खरं होतं. मी तो नईमला नेऊन प्लास्टिकमध्ये घालून खराब केला आणि गाडीत लपवला. तू कचऱ्यात हात घालून शोधत होतीस तेव्हा तो डिकीत होता, आणि मला माहीत होतं. तुझं वय झालंय असं म्हणालो ते स्वतःला वाचवायला म्हणालो. तू काही विसरली नव्हतीस. आजही नाही विसरलीस. चूक माझी होती, सगळी माझी, आणि ती मी तुझ्या डोक्यावर ठेवली. मला क्षमा कर, आई."